सासुरवाडीचा पंच

आखाजी तोंडावर आली आणि समोरच्या कडुनिंबाला कुणीतरी झोक्याचा दोर बांधला. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही अशा उन्हात, माहेराला आलेल्या चार मुली त्या झोक्यावर चढतात, उतरतात आणि गाण्यात एकमेकींच्या सासरची उणीदुणी काढतात. बाकीच्या मुलुखाची अक्षयतृतीया ती आम्हा खानदेशी लोकांची आखाजी, लेकीबाळींचा सण. आत ही सांजोऱ्या तळते आहे. लढाई संपली तरी साखर अजून चिठ्ठीवरच मिळते, म्हणून सारणात गूळ घालावा लागला, आणि त्यावरून सकाळपासून सरकारचा उद्धार चालला आहे. मी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचतो आहे असं दाखवतो आहे.

तळणीचा वास बाहेर आला की माझं मन जळगावात राहत नाही. ते थेट सोनगीरच्या पुढे दोन कोसांवर, हिच्या माहेरच्या नदीत जाऊन उतरतं. नदी म्हणजे नावाला. चैत्र संपेपर्यंत तिच्यात पाणी म्हणून उरायचं नाही. उरायची ती वाळू, सकाळी गार आणि दुपारी पाय भाजणारी. वीसएक वर्षं झाली असतील. त्या वाळूत मी एका माणसाचा श्वास तुटलेला ऐकला आणि तेवढ्यावरून माझा संसार मोडतो की काय अशी वेळ आली. आज हे लिहिताना मला हसू येतं, तेव्हा मुळीच आलं नव्हतं.

त्या काळी मी धुळ्याच्या एका मराठी शाळेत मास्तर होतो आणि रविवारी हुतूतूच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहत असे. मला स्वतःला खेळता कधी धड आलं नाही. छाती अरुंद, पाय काड्या, आणि कुणी कमरेला मिठी मारली की मला आधी हसूच यायचं. पण देवाने कान मात्र तिखट दिले. हुतूतूत चढाई करणाऱ्याने एका दमात पलीकडे जायचं, तोंडाने ‘हुतूतू’ सारखं चालू ठेवायचं आणि त्याच दमात मधल्या रेघेवर परत यायचं. दम मध्ये तुटला की गडी बाद. बघ्यांना वाटतं पंचाचं काम डोळ्यांचं आहे. खरं काम कानांचं. आठजण एकावर पडलेले, दोन्ही बाजूंनी आरडाओरडा, आणि त्या ढिगाखालून एक बारीक ‘तू-तू-तू’ येत असतं. ते जिथे थांबेल तिथे हात वर करायचा. हे मला जमायचं, आणि जे जमतं त्याची माणसाला चटक लागते.

हिला ते बिलकूल खपायचं नाही. रविवारी चुलीत नेमकी ओली लाकडं जायची. जेवण व्हायला दोन वाजायचे, आणि मी ताटावरून घाईने उठलो की, “जा, जा, तुमच्यावाचून खोळंबलंय सगळं.” संध्याकाळी धुळीने माखून परत यावं तर दारातच प्रश्न यायचा, “झाला का न्याय करून?” एकदा चिडलेल्या मंडळींच्या गर्दीत माझ्या सदऱ्याची एक बाही कुणाच्या तरी हातात राहून गेली. हिने तो सदरा शिवला, पण बाही मुद्दाम दुसऱ्या रंगाची लावली. म्हणाली, “शाळेत चाळीस पोरांचा न्याय करता, तेवढा पुरत नाही?”

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: “सांगून तुम्हाला कळायचं नाही.” आणि मी नवराच तो! मला वाटायचं, हिला खेळातलं काही कळत नाही, एवढंच काय ते कारण. दुसऱ्या कुणाची बायको नवऱ्याला भिंगरीसारखं फिरवते, आपली निदान तोंडानेच बोलते, असं मी स्वतःचं समाधान करून घेत असे. घरातून निघताना कुणी ‘बरं, या’ एवढं म्हणावं, ही इच्छा मात्र मनात राहायची. दोनशे माणसांच्या शिव्या खायला निघालेल्या माणसाला त्या दोन शब्दांचा फार आधार होतो.

त्या वर्षी आखाजीला मी हिला पोचवायला गेलो आणि राहिलो. सोनगीरचा किल्ला मागे पडला की हिचा चेहरा बदलायचा. धुळ्यात मास्तरांची बायको म्हणून जपून, शहरी बोलणारी ही बैलगाडीतच अहिराणीवर यायची आणि वाटेतल्या झाडांनासुद्धा ओळख द्यायची. घरात सासूबाई होत्या आणि सासरे होते; सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आणि हिचा धाकटा भाऊ हिलाल, विशीतला, दंड असे की मळ्यातली मोट त्याने एकट्याने ओढली असती. तो हिला अक्का म्हणायचा. गावच्या हुतूतूचा तोच कणा होता.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावाचा सामना वाळूत व्हायचा. हा सामना मारामारीशिवाय कधी पार पडत नसे, म्हणून जुन्या लोकांनी एक शहाणपणाची रीत घालून दिली होती: पंच जावई असला पाहिजे. दोन्हीपैकी कुठल्याही गावचा चालेल, पण जावई. आखाजीत जावयाला शिवी द्यायची नाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही, हे दोन्ही काठांना मान्य होतं. त्या वर्षी पलीकडच्या गावातूनच माझं नाव आलं. त्यांचे एक म्हातारे पाटील म्हणाले, “धुळाना मास्तर शेतस ना? त्यासना कान खोटं सांगत नहीत.” आबांची छाती फुगली. “जावाईबुवा पंच शेतस, मंग कसानी चिंता!” हे वाक्य दोन्ही गावांनी आपापल्या सोयीने ऐकलं.

दुपारी मी धोतर आवरत होतो तेव्हा ही मागच्या दाराने आली. हात पिठाचे, कपाळावर घाम. माहेरी ती माझ्याशी समोरासमोर बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली. “आज नका जाऊ. कोन्हाबी गावना पंच व्हा, मन्हा गावना नका व्हऊ.”

“मी शब्द दिलाय.”

“तुम्हले काय, तुम्ही चार दिनना पाव्हना. गाव मन्हं शे.”

मी ऐकलं नाही. तिच्या आवाजात त्या दिवशी नेहमीची टोचणी नव्हती, विनवणी होती. ती माझ्या तिखट कानांना ऐकू आली नाही.

ऊन उतरल्यावर सामना सुरू झाला. मधली रेघ राखेने आखली होती आणि ती दर दहा मिनिटांनी पायांखाली पुसली जायची. उंच दरडीवर बायका बसल्या होत्या. लाल-हिरव्या लुगड्यांची एक ओळच्या ओळ, आणि त्यात कुठेतरी ही. दोन्ही गावं बरोबरीने चालली होती. शेवटच्या चढाईला अलीकडून हिलाल निघाला. परत रेघेवर आला असता तर गाव जिंकलं असतं. तो गेला, दोघांना शिवला, वळला, आणि तिसऱ्याने त्याचा घोटा धरला. मग सगळेच पडले. हिलाल वाळूत पालथा, अंगावर पाच-सहाजण, उजवा हात रेघेकडे लांबवलेला. मी गुडघ्यांवर बसलो आणि त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

तू-तू-तू-तू. नाकातोंडात वाळू, तरी चालू होतं. आणि मग एक फट पडली. इतकी बारीक की डोळ्याची पापणी लवावी. लगेच पुन्हा तू-तू, आणि त्याची बोटं राखेवर टेकली. काठावर जल्लोष उठला. मी उभा राहिलो आणि हात वर केला. “दम तुटला! बाद!”

हिलाल उठला, वाळू थुंकला आणि माझ्याकडे पाहत राहिला. “आईनी आन दाजी, दम नही तुटना!”

मी म्हणालो, “तुटला.”

रीत मोडली नाही. मला कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. आबांनी काठी उचलली आणि घरची वाट धरली. दरडीवरची लुगडी एकेक करून उठून गेली. पलीकडचे लोक नाचत होते, त्यांच्यातला एकजण माझ्या पाया पडायला आला, आणि त्याने तर माझी उरलीसुरली अब्रूही घालवली.

घरी ताट वाढलेलं होतं. खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, काही कमी नव्हतं. पण आग्रह झाला नाही. खानदेशात, आखाजीला, जावयाच्या ताटात एक मांडा संपल्यावर दुसरा कुणी बळेच टाकला नाही, असं माझ्या ऐकण्यात तरी कधी झालेलं नाही. मी मागून घ्यावं इतका निर्लज्ज नव्हतो, त्यामुळे भुकेलाच उठलो. ही समोर आलीच नाही. परतायच्या दिवशी सासूबाईंनी दाराआडून निरोप दिला, “अक्का आते आठेच ऱ्हाई. तुम्ही चला पुढे.” म्हणजे ही आता तिथेच राहणार. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धैर्य झालं नाही.

आता ओट्यावर बसून विचार करतो तेव्हा वाटतं, पंचाचं दुःख शिव्यांत नसतं. शिव्या अंगावरून जातात. खरं दुःख हे, की त्याने जे ऐकलं ते दुसऱ्या कुणीच ऐकलेलं नसतं. शाळेत गणित चुकलं तर फळ्यावर पुन्हा सोडवून बघता येतं. गेलेला श्वास पुन्हा कुठून आणणार? बरोबर असलो तरी एकटा आणि चुकलो तरी एकटा. अशा वेळी घरात एका माणसाने ‘तुम्ही ऐकलं असेल तर तसंच असेल’ म्हटलं तर बाकी जग उलटं झालं तरी चालतं. माझं ते माणूस त्या दिवसांत सोनगीरपलीकडे होतं आणि माझ्यावर रुसलं होतं, असं मी धरून चाललो होतो.

धुळ्याला आलो आणि पहिल्याच दिवशी भात करपवला. दुसऱ्या दिवशी संशय शिरला. ती फट खरंच पडली होती का? की कुणाचं कोपर त्याच्या पाठीवर आदळलं आणि मला तो आवाज तसा वाटला? की आपण सासुरवाडीच्या बाजूने दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून माझ्या कानांनी आधीच ठरवून ठेवलं होतं? हा तिसरा प्रश्न सगळ्यांत वाईट होता. मी चुलीपुढे बसून स्वतःच ‘हुतूतू’ म्हणत राहायचो, मुद्दाम मध्ये दम तोडायचो आणि कान देऊन बघायचो. शेजारच्या काकूंनी हे ऐकलं. बायको माहेरी गेलेला मास्तर धुरात बसून एकटाच हुतूतू म्हणतो, ही बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. त्यांनी दया येऊन पिठलं पाठवलं.

सुट्टीचे दिवस, शाळाही नाही. रविवारी बोलावणं आलं, मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. खरंच दुखत होतं. ही आषाढात येईल की दिवाळीला, की आबाच एखाद्या दिवशी चार माणसं घेऊन येतील, काही कळत नव्हतं. एका श्वासापायी बायको गमावलेला मी पहिलाच मास्तर असेन. ते मला अजिबात विनोदी वाटत नव्हतं. उशाला तिची जुनी चोळी घेऊन मी झोपत होतो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली. हिलालने बैल सोडले. ही खाली उतरली, पाय धुतले, आत आली, चुलीकडे एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग दाराकडे वळून म्हणाली, “ये रे आत. बोल.”

हिलाल उंबऱ्यात उभा राहिला. एवढा धिप्पाड गडी, पण पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. “दाजी, दम तुटना व्हता. इतलासाच. पन तुटना व्हता.” मग म्हणाला, “आबासले सांगी दिनं. चावडीवर बी सांगी दिनं.”

मी मागच्या भिंतीला टेकलो. बारा दिवस कुणीतरी माझ्या छातीवर मांडी घालून बसलं होतं, ते उठून गेलं. मी त्याला बसायला पाट दिला. नंतर त्याने आमच्याकडे पाच भाकरी खाल्ल्या.

तो बैलांना पाणी दाखवायला गेला तेव्हा मी हिला विचारलं, “तू कसं काढलंस त्याच्या तोंडून?”

“काढायला कशाला लागतंय? लहानपणापासून बघते मी त्याला. त्याच्यावर अन्याय झाला तर तो घर डोक्यावर घेतो आणि रागाच्या भरात दोन भाकरी जास्तच खातो. स्वतः चुकला की गप्प, आणि ताट तसंच. त्या दिवशी आमरसाच्या वाटीला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. तेव्हाच मला कळलं.”

“मग मला त्याच दिवशी सांगायचं होतंस!”

“तुम्हाला सांगून काय झालं असतं? आणि गावाला सांगितलं असतं तर नवऱ्याची बाजू घेतली म्हणाले असते. त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. त्याला बारा दिवस लागले, त्याला मी काय करू?” मग चुलीतली राख काढता काढता म्हणाली, “नाहीतर मला काय हौस होती तिथे राहायची?”

म्हणजे मी इथे पोट धरून बसलो होतो तेव्हा ही तिथे रोज भावाच्या ताटाकडे बघत बसली होती. मला इतकं हलकं वाटलं की काय बोलतो ते न कळता मी म्हणालो, “मी सोडतो पंच व्हायचं. तुला आवडत नाही ना, सोडतो.”

तिने राखेचं सूप बाजूला ठेवलं. “मला काय आवडत नाही ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?”

आणि मग तिने ते सांगितलं. सामना संपला की मी हातपाय धुऊन मोकळा होत असे. दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती जायची. ज्या गल्लीची पोरं माझ्या निकालाने हरलेली असत, त्या गल्लीतल्या बायका हिला रहाटाजवळ येऊ देत नसत. “मास्तरीणबाई, तुमच्या घरी कान साफ करायला तेल नाही वाटतं?” असं म्हणून आपले हंडे पुढे सरकवायच्या. सगळ्यांचं भरून झालं की तळाचं गढूळ पाणी हिच्या वाट्याला. अशी तीन वर्षं चालली होती. “इथे वाट्याला आलं ते सोसलं,” ती म्हणाली, “पण माझ्या गावच्या विहिरीवर तरी मला मान वर करून जायचं होतं. म्हणून म्हटलं होतं, जाऊ नका.”

तीन वर्षं मी ते गढूळ पाणी तुरटी फिरवून प्यालो होतो आणि नळ कधी येणार म्हणून नगरपालिकेला नावं ठेवली होती.

“सोडतोच आता,” मी म्हणालो.

“सोडू नका,” ती म्हणाली. “तुम्ही नसलात तर दुसरा कोणीतरी उभा राहील, आणि त्याचे कान तुमच्यासारखे नसतील. फक्त कोणत्या गल्लीचा सामना आहे ते आदल्या दिवशी सांगत जा. मी पाणी आधीच भरून ठेवत जाईन.” एवढं बोलून ती भांडी घासायला बसली.

पुढच्या रविवारी आमच्या मागच्याच गल्लीचा सामना होता. शनिवारी सकाळी मी तिला तसं सांगितलं. तिने मान हलवली, चुंबळ डोक्यावर ठेवली, सोनगीरचा तांब्याचा हंडा उचलला आणि निघाली. मी क्षणभर दारात उभा राहिलो. मग आत जाऊन दुसरा हंडा घेतला आणि टोपी, कोट, पायात पुणेरी जोडा अशा थाटात तिच्या मागोमाग निघालो. धुळ्यात तोवर कुणी मास्तर विहिरीवर पाणी भरताना दिसला नव्हता. रहाटाशी सात-आठ बायका होत्या. त्या माझ्या जोड्याकडे आणि हातातल्या हंड्याकडे बघू लागल्या. ही लाजेने लाल झाली, पण तिने मला परत पाठवलं नाही. मग त्यांच्यातली सर्वांत म्हातारी बाई हसली, तिच्या मागून सगळ्याच हसल्या, आणि हसता हसता त्यांनी आपले हंडे बाजूला घेतले.